दीड हेक्टर ते दीडशे हेक्टर

जपानच्या क्युशू बेटावर, नागासाकी प्रांतातल्या सासेबो शहराच्या हद्दीत, ओमुरा उपसागराला लागून १५२ हेक्टर जमिनीवर नेदरलँड्स उभा आहे. लाल विटांची निमुळत्या माथ्याची घरं, दगडी फरसबंदीचे रस्ते, कालवे, पूल, पवनचक्क्या, ट्युलिपचे ताटवे आणि या सगळ्याच्या डोक्यावर उठलेला १०५ मीटर उंचीचा चर्चचा मनोरा. हाउस टेन बॉश हे त्याचं नाव. २५ मार्च १९९२ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. १५२ हेक्टर म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कसारखी तेरा मैदानं शेजारी शेजारी मांडली तरी वर थोडी जागा उरते. टोकियोचं डिस्नेलँड ५१ हेक्टरांचं, म्हणजे हे जवळपास त्याच्या तिप्पट.

उद्यानांच्या जाहिरातीत येणारे आकडे बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे असतात: किती उंच, किती लांब, किती दिवे. हाउस टेन बॉशचे असे आकडेही छाती दडपवणारे आहेत आणि ते पुढे येतीलच. पण या जागेचं मोठेपण मला जमिनीखाली दिसतं. इथे पैसा आणि मेहनत अशा ठिकाणी गेली, जिथे तिकीट काढून आलेल्या माणसाची नजर कधी पोचत नाही. कंपनी त्या खर्चाखाली बुडाली. गाव मात्र तगलं, आणि माझी खात्री आहे की ते त्या खर्चामुळेच तगलं.

आधी मुळातला प्रश्न. जपानमध्ये डच गाव कशासाठी, आणि तेही नागासाकीतच का?

नागासाकी बंदरात देजिमा नावाचं पंख्याच्या आकाराचं एक कृत्रिम बेट होतं. १६३४ ते १६३६ या काळात नागासाकीच्या २५ धनाढ्य व्यापाऱ्यांनी शोगुनशाहीच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीच्या, हुकमावरून ते बांधलं. क्षेत्रफळ सुमारे १५ हजार चौरस मीटर, म्हणजे अवघं दीड हेक्टर. समुद्राकडची मोठी कमान २३३ मीटर आणि बाजूची रुंदी सत्तर मीटरच्या आसपास. मूळ योजना पोर्तुगीजांना शहरापासून वेगळं ठेवण्याची होती. १६३९ मध्ये पोर्तुगीजांची जपानमधून हकालपट्टी झाली, बेट ओस पडलं, आणि १६४१ मध्ये हिरादो बंदरातल्या डच वखारीची माणसं तिथे आणून ठेवली गेली. त्यानंतर १८५९ पर्यंत, म्हणजे २१८ वर्षं, युरोपातल्या माणसाला जपानच्या भूमीवर राहण्याची परवानगी असलेली ही एकमेव जागा होती.

हे राहणं म्हणजे नजरकैदच. किनाऱ्याला जोडणारा एक छोटा पूल आणि त्यावर पहारा. बेटावर डच माणसं असायची जेमतेम दहा-वीस. जागेचं भाडं वर्षाला ५५ कान चांदी, म्हणजे दोनशे किलोच्या वर. शोगुनला मुजरा करायला वखारीच्या प्रमुखाला आधी दरवर्षी आणि १७९० नंतर चार वर्षांतून एकदा एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जावं लागे. जाऊन येऊन सुमारे तीन महिने. १८५० पर्यंत अशा वाऱ्या दीडशेहून अधिक झाल्या.

युरोपातल्या स्त्रियांना बेटावर मज्जाव होता. यान कॉक ब्लोमहॉफ हा वखारीचा नवा प्रमुख ऑगस्ट १८१७ मध्ये पत्नी तितिया आणि लहानग्या मुलाला घेऊन आला. परवानगीसाठी त्याने अर्जविनंत्या केल्या, त्या एदोपर्यंत गेल्या आणि नकार घेऊन परत आल्या. डिसेंबरात तितिया मुलाला घेऊन परतीच्या जहाजावर चढली. नवराबायकोची पुन्हा कधी भेट झाली नाही. तेवढ्या थोड्या महिन्यांत नागासाकीच्या चित्रकारांनी तिची इतकी चित्रं काढली की पुढे छापील चित्रांवर, चिनी मातीच्या भांड्यांवर तिचा चेहरा दिसत राहिला. उंच टोपी, खांद्यावर शाल, हाताशी मूल. बघणाऱ्यांसाठी ती म्हणजे अख्खा पश्चिमेकडचा प्रदेश होती, कारण तशी बाई त्यांनी याआधी कधी पाहिलेलीच नव्हती.

याहूनही विलक्षण गोष्ट हिरादोची. सासेबोच्या उत्तरेला असलेल्या या बंदरात डचांनी १६३९ मध्ये दगडी वखार बांधली, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर बांधकामाचं साल कोरलं. ते ख्रिस्ती कालगणनेतलं साल होतं. ख्रिस्ती धर्मावर बंदी असलेल्या देशात हे चालणार नाही, असं कारण दाखवून शोगुनच्या अधिकाऱ्यांनी १६४० मध्ये इमारत पाडायला लावली. चार आकड्यांपायी नवीकोरी वखार जमीनदोस्त झाली. ती पुन्हा उभी राहिली २०११ मध्ये.

हे मनात ठेवलं की १५२ हेक्टरांचा अर्थ बदलतो. ज्या प्रांतात डचांना २१८ वर्षं दीड हेक्टरावर कोंडून ठेवलं होतं, त्याच प्रांतात जपानी माणसांनी स्वतःच्या पैशाने त्याच्या शंभरपट मोठा हॉलंड बांधला. जिथे एका डच बाईला चार-पाच महिन्यांवर राहू दिलं नाही, तिथे नेदरलँड्सच्या राणीची परवानगी घेऊन तिचा राजवाडा विटेला वीट जुळवून उभा केला.

आपल्याकडच्या वाचकाला या किनाऱ्याचा एक धागा ओळखीचा वाटेल. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघाला तो याच क्युशू बेटावर उतरला आणि पुढच्या वर्षी हिरादोला पोचला. आज ज्या ओमुरा उपसागराच्या काठी हे उद्यान आहे, त्या मुलखाचा सरदार ओमुरा सुमितादा याने १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झालेला तो जपानचा पहिला सरदार. त्याच्यासह तीन सरदारांच्या वतीने १५८२ मध्ये नागासाकीहून चार किशोरवयीन मुलं पोपच्या भेटीला निघाली, ती जाताना आणि येताना दोन्ही वेळा गोव्यात मुक्कामाला होती. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा पोर्तुगीज जहाजांचा तो नेहमीचा मार्ग. डचांनी पुढे त्या मार्गावरचा व्यापार हिसकावला. वेंगुर्ल्याची जी पडकी डच वखार आज आपण पाहतो, ती आणि देजिमाची वखार एकाच कंपनीची.

आता त्या १५२ हेक्टरांकडे वळू. ही जमीन अशीच मोकळी पडलेली नव्हती. युद्धकाळात इथे जपानी नौदलाच्या प्रशिक्षणाची छावणी होती. युद्ध हरल्यावर चीन, मांचुरिया, कोरिया आणि दक्षिणेकडच्या बेटांवरून लाखो जपानी नागरिक आणि सैनिक मायदेशी परतू लागले. त्यांना उतरवून घेण्यासाठी ठरवलेल्या बंदरांपैकी एक होतं सासेबोजवळचं उरागाशिरा. ऑक्टोबर १९४५ ते मे १९५० या काळात इथे सुमारे १३ लाख ९६ हजार माणसं उतरली. साडेचार वर्षं, रोज सरासरी आठशेहून जास्त.

धक्क्यावर पाय ठेवताच त्यांच्या अंगावर, केसांत, कपड्यांत डीडीटीची पांढरी पूड फवारली जाई. मग सामान पाठीला बांधून सुमारे सात किलोमीटरची डोंगरवाट चालत ती छावणीत पोचत. लहान मुलांचे हात धरून, कित्येकदा अस्थिकलश छातीशी धरून. तिथे नोंदणी होई, थोडं अन्न, थोडे पैसे मिळत आणि जवळच्या हाएनोसाकी स्थानकावरून आपापल्या गावाची गाडी. ही छावणी आजच्या हाउस टेन बॉशच्याच जागेवर होती. ट्युलिपचे ताटवे पाहायला आलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं, सांगता येत नाही. माझ्या मते ते प्रत्येकाला प्रवेशद्वारापाशीच सांगायला हवं. उरागाशिराला या लोकांच्या स्मरणार्थ उभारलेलं छोटं संग्रहालय आहे.

पुढे प्रांत सरकारने इथे समुद्रात भराव टाकून औद्योगिक वसाहत आखली. भराव झाला, कारखाने आलेच नाहीत. वर्षानुवर्षं ही जमीन तशीच उघडी पडून राहिली.

योशिकुनी कामिचिका या माणसाने ती उचलली. शेतकरी कुटुंबातला, ओमुरा उपसागराच्या पलीकडल्या काठावरच्या सेइही गावच्या सरकारी कचेरीत नोकरी केलेला हा गृहस्थ. आपल्या ओसाड पडत चाललेल्या गावात लोकांनी यावं म्हणून त्याने आधी प्राणी-वनस्पतींचं उद्यान काढलं आणि १९८३ मध्ये उपसागराच्या काठी ‘नागासाकी हॉलंड व्हिलेज’ नावाचं छोटं डच गाव वसवलं. ते इतकं चाललं की गावाकडे जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. वाढायला जागा नव्हती. काळ १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धाचा. जपानमध्ये जमिनींचे भाव गगनाला भिडले होते, बँका कर्ज द्यायला उतावीळ होत्या आणि १९८७ मध्ये सरकारने विश्रांतिस्थळांच्या उभारणीला सवलती देणारा कायदाच केला होता. कामिचिकाने समोरच्या काठावरची ती पडीक जमीन घ्यायचं ठरवलं.

सोबतीला होते वास्तुविशारद ताकेकुनी इकेदा. त्यांची हकिगत स्वतंत्र लेखाच्या लायकीची आहे. जन्म १९२४ चा. नौदलात अधिकारी म्हणून ते याहागी या क्रूझरवर होते. एप्रिल १९४५ मध्ये यामातो ही महाकाय युद्धनौका आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा तिच्यासोबत गेलेली याहागी बुडाली आणि तेलाने माखलेल्या समुद्रात तासन्‌तास तरंगून इकेदा वाचले. युद्धानंतर त्यांनी जपानला उंच इमारतींची ओळख करून दिली. १९६८ मध्ये पूर्ण झालेली, ३६ मजल्यांची आणि १४७ मीटर उंचीची कासुमिगासेकी इमारत ही जपानची पहिली खरीखुरी गगनचुंबी इमारत. तिच्या आराखड्यात त्यांचा मोठा वाटा होता. नंतर शिंजुकुतल्या अशाच एका उत्तुंग इमारतीत त्यांचं कार्यालय होतं. एकदा ते संध्याकाळी खाली उतरले आणि पाहतात तो बाहेर बर्फ पडतंय. दिवसभर बंद काचांआड, कायम एकाच तापमानात बसलेल्या माणसाला त्याची गंधवार्ताही नव्हती. आपण माणसाला निसर्गापासून तोडणाऱ्या इमारती बांधतोय, हे त्या क्षणी जाणवल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. उंच इमारतींचा हा शिल्पकार मग उलट्या दिशेने चालू लागला. उतारवयात ते ओमुरा उपसागराच्याच काठी, गवताने शाकारलेल्या लाकडी घरात राहिले.

इकेदांच्या मनात करमणुकीचं उद्यान नव्हतंच. हजार वर्षं टिकेल असं गाव त्यांना वसवायचं होतं. हॉलंड निवडण्यामागे देजिमाची आठवण होतीच, शिवाय दुसरंही कारण होतं. नेदरलँड्सची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे. समुद्रातून मिळवलेल्या जमिनीला जिवंत ठेवायचं शास्त्र त्या देशाने शतकानुशतकं घासूनपुसून तयार केलं. सासेबोची ही भरावाची जमीन जिवंत करायला त्यांच्याहून चांगला गुरू कोण होता?

कारण जमीन खरोखरच मेलेली होती. यंत्रांनी दाबून दगडासारखी कठीण केलेली, पाणी न मुरणारी, गवतही धड न उगवणारी. तिथे झाडं लावायची तर आधी माती बनवावी लागणार होती. म्हणून ती खोल उकरली, भुसभुशीत केली, तिच्यात सेंद्रिय खत मिसळलं. मग लागवड झाली ती ४ लाख झाडांची. सोबत ३ लाख फुलझाडं. गणित करून पाहा. इमारती, रस्ते, चौक, कालवे असं सगळं धरूनही दर पावणेचार चौरस मीटरला एक झाड. एका पलंगाएवढ्या जागेत एक. अर्थात ती सगळीकडे सारखी नाहीत, कडेकडेने दाट रानासारखी लावली आहेत. तीस-पस्तीस वर्षांत त्यांचं खरोखरचं जंगल झालं आहे.

कालवे ६ किलोमीटर लांबीचे. सिमेंटच्या सरळसोट भिंती घालून ते झटपट आणि स्वस्तात झाले असते. इकेदांनी त्यांचे काठ नैसर्गिक दगडांनी बांधून घेतले. दगडांच्या सांदीसापटीत शेवाळं धरतं, शिंपले चिकटतात, खेकडे राहतात, आणि ही सगळी मंडळी पाणी स्वच्छ ठेवतात. कालव्यातलं पाणी उपसागराचंच आहे आणि ओमुरा उपसागर जवळपास बंदिस्त. ३२० चौरस किलोमीटरचं पाणी आणि खुल्या समुद्राकडे उघडणारी वाट अतिशय अरुंद. एकदा घाण आत गेली की बाहेर निघायला फार वेळ लागतो. सुनामेरी नावाचे पाठीवर पर नसलेले छोटे शिंशुक या उपसागरात कायमचे वस्तीला आहेत. म्हणून सांडपाण्याचा थेंबही उपसागरात जाऊ द्यायचा नाही असं ठरलं. ते तीन टप्प्यांत शुद्ध करून शौचालयांना आणि झाडांना वापरायचं. समुद्राचं पाणी गोडं करणारं संयंत्रही बसवलं गेलं. वीज, पाणी, दूरध्वनी, गरम-थंड हवेच्या वाहिन्या रस्त्याखालच्या तीन किलोमीटरहून लांब भुयारातून नेल्या, म्हणून वर एकही तारेचा खांब दिसत नाही.

यातलं काहीच पर्यटकाला दिसत नाही. फोटोत येत नाही. तिकिटाचा दर त्यामुळे एका येनानेही वाढवता येत नाही.

आता दिसणाऱ्या गोष्टी. सगळ्यात उंच मनोरा हा उट्रेख्त शहरातल्या दोम चर्चच्या मनोऱ्याची प्रतिकृती. मूळचा ११२ मीटरचा, सासेबोचा १०५, म्हणजे फक्त सात मीटरने बुटका. मूळ मनोरा १३२१ मध्ये सुरू होऊन १३८२ मध्ये पूर्ण झाला, ६१ वर्षं. सासेबोत १९८८ मध्ये काम सुरू झालं आणि चार वर्षांच्या आत मनोऱ्यासकट अख्खं गाव उभं राहिलं. उट्रेख्तला माथ्यावर जायला ४६५ पायऱ्या चढाव्या लागतात. इथे लिफ्टने ८० मीटरवरच्या सज्जात जाता येतं. स्वच्छ हवेत तिथून हारिओचे तीन काँक्रीटचे मनोरे दिसतात. १९२२ मध्ये नौदलाने बिनतारी संदेशांसाठी बांधलेले ते मनोरे सुमारे १३६ मीटर उंच आहेत. शंभर वर्षांपूर्वीचं ते काँक्रीट अजून ताठ उभं आहे. खरी इंजिनिअरी पाहायची असेल तर नकली चर्चवरून त्या मनोऱ्यांकडे अवश्य बघावं.

या सगळ्यातली मला सगळ्यात अद्भुत वाटणारी गोष्ट मात्र राजवाड्यामागची बाग आहे. हेग शहरातला हाउस टेन बॉश राजवाडा १६४५ मध्ये बांधायला घेतला गेला, आणि उद्यानाला नाव त्याच्यावरूनच मिळालं. दान्येल मारो या कलाकाराने अठराव्या शतकात त्या राजवाड्यासाठी बरोक शैलीच्या भव्य बागेचा आराखडा काढला. काटेकोर भौमितिक वाफे, कारंजी, समतोल रेषा. ती बाग हेगला कधी झालीच नाही, आराखडा कागदावरच राहिला. सासेबोत राजवाडा उभा राहिला तेव्हा तोच आराखडा काढून बाग लावली गेली. म्हणजे मूळ राजवाड्याला जी बाग मिळाली नाही, ती त्याच्या प्रतिकृतीला मिळाली. मारोची ती बाग चालत फिरायची असेल तर नेदरलँड्सला जाऊन उपयोग नाही, जपानलाच जावं लागतं. याला नक्कल म्हणायला माझी जीभ धजत नाही.

राजवाड्याच्या आत रॉब स्कोल्टे या डच चित्रकाराने भिंतींवर आणि घुमटात सुमारे १,२०० चौरस मीटरचं एकच अखंड चित्र रंगवलं. काम १९९१ मध्ये सुरू झालं. नोव्हेंबर १९९४ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये त्याच्या गाडीखाली बॉम्बस्फोट झाला आणि त्याचे दोन्ही पाय गेले. तरीही १९९५ मध्ये चित्र पूर्ण झालं. बाराशे चौरस मीटर म्हणजे मध्यम आकाराच्या पंधरा-सोळा घरांची जमीन. मान वर करून ते पाहताना, ते पुरं व्हायला काय किंमत पडली हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि खर्च? सगळं मिळून सुमारे २२० अब्ज येन. १९८३ मध्ये टोकियो डिस्नेलँड उभारायला १८० अब्ज येनच्या आसपास लागले होते. फरक असा की डिस्नेलँडच्या दारात तीन कोटींची महानगरी वस्ती होती आणि नागासाकी प्रांताची अख्खी लोकसंख्या पंधरा लाखांची. उद्यानाला दर चौरस मीटरला सुमारे १ लाख ४५ हजार येन पडले. त्यातले बहुतेक कर्जाऊ. दरवाजे उघडले तोवर जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला होता, जमिनींचे भाव कोसळत होते, आणि वासेनार नावाच्या भागात कालव्याकाठी, अंगणातच बोट बांधता येईल अशी जी घरं विकून पैसा उभा राहायचा होता, त्यांना गिऱ्हाईक मिळेना.

माणसं आली नाहीत असं नाही. १९९६ मध्ये सुमारे ३८ लाख लोक आले, प्रांताच्या लोकसंख्येच्या अडीचपट. तरीही भागलं नाही. कामिचिका २००० मध्ये पायउतार झाले. २६ फेब्रुवारी २००३ रोजी कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा डोक्यावरचं देणं २२८ अब्ज ९० कोटी येन होतं. उच्चांकाच्या वर्षी आलेल्या प्रत्येक माणसावर, तान्ह्या मुलासकट, ते वाटलं असतं तर डोई ६० हजार येन आले असते. हा आकडा कामिचिका-इकेदांच्या विरोधात वापरणं सोपं आहे आणि अनेकांनी वापरलाही. पंधरा लाखांच्या प्रांतात, कर्जाच्या पैशावर, हजार वर्षांचा हिशेब मांडणं हे व्यवहाराला धरून नव्हतं, हे मलाही मान्य आहे. बँकांना हजार वर्षं थांबायची सवय नसते.

पण शेजारची उदाहरणंही पाहावीत. त्याच लाटेत जपानभर परदेशांच्या प्रतिकृती उगवल्या. होक्काइदोत जर्मन परीकथांचं राज्य आणि कॅनडा, निगातात रशियन गाव, काशिवाझाकीत तुर्की गाव. निगाताचं रशियन गाव १९९३ मध्ये उघडलं आणि २००४ पर्यंत संपलं. त्यातल्या इमारती पुढे मोडकळीला आल्या. होक्काइदोचं जर्मन राज्य २००७ मध्ये बंद पडलं. ज्यांनी दर्शनी भागच उभा केला, त्यांच्याकडे पैसा संपल्यावर उरलं काहीच नाही. मिए प्रांतातलं स्पेन गाव चालू आहे, पण त्याच्यामागे मोठी रेल्वे कंपनी भक्कम उभी होती. कामिचिकांचं पहिलं हॉलंड व्हिलेजही २००१ मध्ये बंद झालं. तिथे प्रिन्स विलेम या सतराव्या शतकातल्या डच जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती होती, १९८५ मध्ये नेदरलँड्समध्ये बांधून जपानला आणलेली. २००३ मध्ये ती मायदेशी परत गेली आणि २००९ मध्ये तिथल्या डेन हेल्डर बंदरात आगीत जळून खाक झाली.

हाउस टेन बॉशचं तसं झालं नाही. दिवाळखोरीतही झाडं वाढत राहिली, दगडी काठ ढासळले नाहीत, विटांच्या भिंतींवर वेली चढल्या. २००९ च्या सुमाराला वर्षाची गर्दी १४ लाखांपर्यंत उतरली होती. १८ वर्षांत एकदाही नफा न दाखवलेली ही जागा २०१० मध्ये एचआयएस या पर्यटन कंपनीने चालवायला घेतली आणि पहिल्याच वर्षी तिला नफ्यात आणलं. त्यांनी नवा हॉलंड बांधला नाही, बांधायची गरजही नव्हती. होता त्यावर रोषणाई केली. हिवाळ्यातल्या दिव्यांची संख्या १ कोटी ३० लाखांवर नेली, म्हणजे सगळ्या जमिनीवर सारखे पसरले तर चौरस मीटरला आठ. २०१५ मध्ये यंत्रमानव चालवतात असं हॉटेल काढलं, ज्याच्या स्वागतकक्षात चक्क डायनासोर बसतो. यंत्रमानवांची संख्या वाढत वाढत २४३ झाली आणि मग त्यांची देखभाल माणसांच्या कामापेक्षा जड होते असं दिसल्यावर २०१९ मध्ये निम्म्याहून अधिक काढून टाकले. त्या काळात वर्षाला येणाऱ्यांची संख्या पुन्हा ३० लाखांवर गेली होती.

२०२२ मध्ये उद्यानाची मालकी पीएजी या हाँगकाँगच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली. कंपनीचं मोल ठरलं सुमारे १०० अब्ज येन. तीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चाच्या निम्म्याहून कमी, पण ज्या कंपनीवर दोनशे अब्जांहून अधिक कर्ज थकलं होतं तिच्यासाठी हा आकडा लहान नाही. याच सुमाराला प्रांताने उद्यानाच्या एका भागात जुगारघरासह मोठं पर्यटन संकुल उभारायचा घाट घातला होता. पैसा कुठून येणार याचा पुरेसा भरवसा वाटत नसल्याने केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला. मला त्याचा आनंद झाला. इकेदा त्या निर्णयापूर्वीच, २०२२ मध्ये गेले. ४ लाख झाडं आणि ६ किलोमीटरचे दगडी काठ आता नव्या मालकाच्या देखभालीवर आहेत, आणि ती देखभाल दर वर्षाच्या ताळेबंदात खर्चाच्याच बाजूला लिहिली जाणार आहे.